वहीत न लिहिलेला राब

आमच्या घरी डॉक्टर देवस्थळी पहिल्यांदा आल्या तेव्हा आत्या आपला गुडघा उघडा करून त्यांच्यासमोर बसली होती. पुण्याहून एक डॉक्टरीण येणार आणि ती शंकररावांच्या ओसरीवर बसणार, एवढंच गावात कळलं होतं. त्यामुळे आत्याच्या मागे दोन खोकणारी पोरं आणि कान फुटलेला एक म्हातारा असे ओळीनं बसले होते. बाईंनी गुडघा नीट पाहिला, दाबूनही पाहिला आणि मग म्हणाल्या, "अहो, मी माणसांची डॉक्टर नाही. मी द्राक्षवेलींची डॉक्टर आहे." आत्यानं लुगडं खाली ओढलं. "मंग वेलीला काय झालंया?" "अजून लावलीच नाही," बाई म्हणाल्या. आत्या माझ्या वडिलांकडे, म्हणजे दादांकडे, वळून म्हणाली, "शंकर, आजारी पडायच्या आदीच डॉक्टर आनली व्हय रं?" ओसरीवर सगळे हसले, त्यात सगळ्यात मोठ्यानं हसल्या बाई. मला वाटतं, दादांनी जमीन द्यायचं ठरवलं ते त्या हसण्यामुळे. पुढे कितीही विचारलं तरी त्यांनी ते कबूल केलं नाही.

आमचं भरे तेव्हा भाताचं गाव होतं. नदीकडच्या खाचरांत आंबेमोहोर, वरच्या मुरमाड उतारावर नाचणी, नाहीतर नुसतं गवत. द्राक्षं आम्ही पाहायची ती आजारी माणसाला भेटायला जाताना कुणी पुड्यात घेतली तर. बाईंच्या संस्थेला शोधायचं होतं ते असं, की मुळशीच्या या पूर्वेकडच्या उतारावर, एवढ्या पावसात, वाईनची द्राक्षं तग धरतील का आणि त्यांची वाईन पिण्याजोगी होईल का. त्यासाठी त्यांना आमचे उतारावरचे दहा गुंठे हवे होते आणि घरामागची थंड खोली. अडचण एवढीच होती की दादा आणि आत्या दोघेही माळकरी. आमच्या घरात कांदासुद्धा एकादशीला तोंड लपवून बसायचा. आत्या म्हणाली, "आपल्या रानात दारू?" दादांनी दोन दिवस विचार केला आणि निवाडा दिला, "आपून द्राक्षं लावतोय. त्याचं म्होरं बाई बेदानं करतीया का आनि काय, त्ये तिचं तिला ठावं." बाईंना मात्र त्यांनी ओसरीवर, आईसमोर आणि माझ्यासमोर शब्द दिला, "तुमच्या वेलीला केसाएवढा धक्का लागू देनार न्हाई." आत्यानं आपल्या परीनं बंदोबस्त केला. मागची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये तिनं तुळशीची कुंडी आणून ठेवली, आणि पुढे मळा चालला तोवर त्या कुंडीला अडखळून आम्ही सगळ्यांनी पायाची बोटं फोडून घेतली.

मी तेव्हा बारावी झाले होते आणि घरी बसले होते. कॉलेज पुण्यात, आणि पुण्याला रोज जाऊन येणारी मुलगी गावात एकही नव्हती. बाईंना कुणीतरी हवं होतं, जे रोज मळ्यावर फिरेल, पाऊस मोजेल, पानं पाहील आणि सगळं वहीत लिहील. माझं अक्षर चांगलं आहे हे दादांनी न विचारताच सांगून टाकलं, आणि मी रोजंदारीवर लागले. त्याच सुमारास भूगावहून एक स्थळ आलं. मुलगा शेती बघायचा, घरची खाचरं रस्त्याला लागून होती. (त्या खाचरांवर आज सात मजली इमारती आहेत आणि तळमजल्यावर जिम आहे. तिथून जाताना भाताचा वास आठवायला मला डोळे मिटावे लागतात.) पाहुण्यांना मी पसंत होते. दादांनी त्यांना सांगितलं, "मळा हाय तवर पोरगी बाईकडं कामाला हाय. मळा बंद झाला की लगीन." पाहुणे समजूतदार होते, थांबतो म्हणाले. तेव्हापासून मळ्यातल्या एकेका वेलीकडे मी ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं फारच थोड्या माणसांकडे पाहिलं असेल. मला शिकायचं होतं. काय शिकायचं ते नक्की ठाऊक नव्हतं, पण बाई पान उलटं करून त्याच्याशी जे काही बोलायच्या ते मला कळायला हवं होतं, आणि मुलगा वाईट होता म्हणून नव्हे, पण भूगावच्या त्या घरात गेले असते तर ते कधीच कळलं नसतं.

मळा म्हणजे सहा ओळी. वरची वेल सगळीकडे एकाच जातीची, काळ्या द्राक्षाची, पण प्रत्येक ओळीत ती वेगळ्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या बुंध्यावर, कलम केलेली. खालची मुळं कुठली असली म्हणजे वरच्या वेलीला मुळशीचा पाऊस सोसतो, हे बाईंना पाहायचं होतं. पहिली ओळ विहिरीजवळ, सहावी बांधाला लागून. पावसाळ्यात वेलीवर केवडा नावाचा रोग यायचा, पानांवर तेलाचे डाग पडल्यासारखा. त्यावर मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारायचं. ते बरोबर जमलंय का हे पाहायला बाईंनी मला विळा बुडवायला शिकवलं. विळ्याच्या पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, वेल भाजणार. पातं स्वच्छ राहिलं तर फवारा मारायचा. आईचा विळा, भाऊबीजेला मामानं दिलेला, या कामी लागला आणि माझे हात बारा महिने निळे राहिले. हे सगळं मी वहीत लिहायची. छाटणी, फवारणी, पाऊस, धुकं, कुठल्या ओळीत किती पानं गळली, बुलबुल कधी आले. एकदा आत्याची शेळी चौथ्या ओळीत शिरली तेही लिहिलं. बाई ते वाचून म्हणाल्या, "शेळीनं कुठल्या बाजूची पानं खाल्ली?" मला वाटलं चेष्टा करतात. तसं नव्हतं. त्यांनी ते खरंच लिहून घेतलं.

तिसऱ्या वर्षी फळ धरलं. आमच्याकडे पाऊस उशिरापर्यंत रेंगाळतो म्हणून छाटणीही उशिरा, आणि फळ उतरेपर्यंत मार्च उजाडायचा. गाव बघायला आलं आणि नाराज होऊन गेलं. वाटाण्याएवढे मणी, जाड साल, आत नुसत्या बिया. पारावर दादांना विचारायचे, "शंकरराव, पैल्या धारंची कदी?" दादा नुसता माळेला हात लावत. विरळणीत काढून टाकलेल्या आंबट मण्यांची आई चटणी करायची, हिरवी मिरची आणि शेंगदाणे घालून, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर ती अशी लागायची की आत्यासुद्धा 'थोडी वाढ' म्हणे. बाईंकडे एक लहानशी दुर्बीण होती. तिच्या काचेवर रसाचा एक थेंब टाकून उन्हाकडे पाहिलं की किती गोडी भरली त्याचा आकडा दिसे. गावातल्या प्रत्येकानं तिच्यातून एकदा तरी पाहिलं, आणि बहुतेकांना काहीच दिसलं नाही, पण तसं कुणी म्हटलं नाही.

मागच्या खोलीत सहा मोठ्या काचेच्या बरण्या आल्या. एका ओळीची द्राक्षं एका बरणीत. बुचातून वाकडी नळी काढून ती पाण्याच्या भांड्यात सोडलेली, त्यामुळे रस आंबायला लागला की त्या नळीतून बुडबुडे येत. दुपारी घर सामसूम असलं की सगळ्या घरभर ते ऐकू येई, सहा जणी तोंडावर पदर घेऊन हसताहेत असं. आत्याला त्या आवाजानं आधी झोप लागत नसे आणि पुढे पुढे तो थांबला की झोप लागेना. त्या वर्षीची वाईन बाईंनी तोंडात घेतली, खळखळवली, तस्तात थुंकली आणि म्हणाल्या, "आंबट आहे. पण आहे." बस्स, एवढंच. पण पुण्याला जाणाऱ्या एसटीत चढताना त्या गुणगुणत होत्या. मी ती कधी चाखली नाही. बाईंनी मला कधी दिलीही नाही. दादांच्या माळेचा मान त्या आमच्यापेक्षा जास्त राखत.

आता ती चूक सांगायची. त्याआधी राब म्हणजे काय ते सांगते, कारण पिरंगुटच्या पुढे राहायला आलेल्या नव्या मंडळींना ते ठाऊक असायचं कारण नाही. भाताचं रोप जिथं टाकायचं ती पट्टी उन्हाळ्यात भाजून घ्यायची. आधी शेणाचा थर, त्यावर झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. मग वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे तो भडकत नाही, दोन-दोन दिवस धुमसत राहतो. तण मरतं, जमीन मऊ होते. आमच्या घरात शिमगा झाला की राब, हा नेम कुणाच्या आठवणीच्या आधीपासूनचा. आमची राबाची जागा ओढ्याकाठी होती. त्या वर्षी ती वाटणीत चुलत्यांकडे गेली, आणि दादांनी नवी पट्टी धरली ती मळ्याच्या बांधालगत. वेलीपासून चांगली वीस पावलं लांब. दादांनी पावलं मोजली होती. आगीची एक ठिणगी मळ्यावर उडू नये म्हणून त्यांनी मधली जागा झाडून काढली, वर पाणी शिंपडलं. पेटवायला सांगितलं मला. संध्याकाळची वेळ, वारा पडलेला. धूर वर गेलाच नाही. तो मळ्यात उतरला आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तिथंच बसून राहिला. मी त्या धुरातून फिरत द्राक्षांची गोडी मोजली आणि वहीत आकडे लिहिले. राब लिहिला नाही. सकाळी चूल पेटवली असं वहीत कोण लिहितं?

दहा दिवसांनी द्राक्षं उतरवली. मी चाखली, बाईंनी चाखली, उत्तम होती. आदल्या वर्षीपेक्षा गोड. बाईंनी पहिल्यांदाच आईच्या हातची पुरणपोळी दुसऱ्यांदा मागितली. बरण्या भरल्या, त्यांचं हसणं सुरू झालं आणि यथावकाश थांबलं. बाईंनी वाईन तोंडात घेतली, थुंकली आणि तशाच उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या बरणीतली, मग तिसरीतली. "राख," त्या म्हणाल्या. "आधी काही नाही, आणि मग घशात राख." त्यांनी नळ्या पाहिल्या, बुचं पाहिली, पाणी तपासायला नेलं. पहिल्या बरणीत राख कमी, सहाव्या बरणीत सगळ्यात जास्त. म्हणजे खुंटांतच काहीतरी आहे, त्यांना वाटलं. सहाव्या खुंटावर त्यांची सगळ्यात जास्त आशा होती, पावसात तोच सगळ्यात ताठ उभा राहिला होता. पुण्यात संस्थेच्या समितीपुढे नमुने गेले. समितीनं म्हटलं, या मातीत आणि या ओलीत वाईनचं द्राक्ष होणार नाही, मळा बंद करावा. महिनाअखेर शेवटची बैठक होती, तिथं त्यावर शिक्का बसायचा होता. बाई मला सांगायला स्वतः आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मंदा, बरण्या ओतून टाक आणि धुऊन ठेव. मी गाडी पाठवते." त्यांनी वर पाहिलं नाही. त्या गेल्यावर दादा म्हणाले, "भूगावला सांगाय पायजे." दुसऱ्या दिवशी आईनं माझ्यासाठी ठेवलेली दोन लुगडी पेटीतून काढून उन्हात घातली.

मी सहावी बरणी आधी ओतली, कारण तिचाच राग आला होता. परसातल्या आळ्यात ती काळी-तांबडी वाईन गेली, तापलेल्या मातीवर पसरली, आणि वास आला. मी तिथंच खाली बसले. तो वास मला ठाऊक होता. राब विझवताना पाणी मारलं की जो येतो तो. त्या दिवसांत आईच्या पदराला, आत्याच्या केसांना, गाईच्या अंगालासुद्धा येतो तो. बरणीत तळाशी थोडी उरली होती. मी ओंजळीत घेतली आणि जिभेला लावली. माझ्या आयुष्यातला वाईनचा तो पहिला घोट, तोही चोरून. आधी आंबट, मग तुरट, मग काहीच नाही, आणि मी गिळून झाल्यावर घशातून वर आमचा राब आला. सहावी ओळ बांधाला लागून होती. पहिली विहिरीजवळ, सगळ्यात लांब. खुंटाचा काही संबंध नव्हता. मी बाकीच्या पाच बरण्यांची बुचं घट्ट लावली आणि खोलीला कडी घातली.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कुनाला बोलू नगंस. आपल्याच हातानं मळा नासवला म्हनून सांगायचं व्हय? तुज्या दादानं सबूद दिलाय बाईला." थोड्या वेळानं, माझं तोंड पाहून, म्हणाली, "न्हाईतर मागच्या पानावर लिहून टाक की. शाई तीच हाय." मी खरोखरच वही उघडली. शिमग्यानंतरच्या तारखेपुढे दोन बोटं जागा मोकळी होती. तिथं 'बांधालगत राब भाजला' एवढं बसलं असतं, आणि बाईंनाच ते वाचायचं राहिलं असं झालं असतं. ते मनात आलं होतं हे आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला लाज वाटते. दोन दिवस मी गप्प राहिले. खरं बोलले तर दादांचा शब्द मोडतो आणि बाई रागानं मळा बंद करतात. गप्प राहिले तर मळा बंदच आहे, आणि मुळशीच्या मातीवर कायमचा ठपका बसतो, जो आमचा होता. तिसऱ्या दिवशी जेवताना मी दादांना सांगून टाकलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. आत्या म्हणाली, "धुरानं द्राक्षं कशी नासत्याल? आपून खाल्ली की." दादा उठले, हात धुतले आणि म्हणाले, "सकाळच्या गाडीनं पुन्याला जायाचं. वही घे. सबूद मोडला तर मोडला म्हनून सांगाय नगं का?"

संस्थेच्या त्या लांबलचक व्हरांड्यात दादा टोपी हातात घेऊन उभे होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या वेलीला आमच्याकनं धक्का लागला." मग मी सगळं सांगितलं. बाई रागावतील म्हणून मी मान खाली घातली होती. त्या विचारत होत्या, "किती वाजता पेटवलास? वारा कुठून? किती दिवस धूर होता? आधी पहिली ओळ झाकली गेली की सहावी?" शेळीच्या वेळचाच आवाज. मी वर पाहिलं तर त्यांचे डोळे चमकत होते. "मी खुंटांत शोधत होते," त्या म्हणाल्या, "आणि ते बांधावर होतं. मी जन्मात राब पाहिला नाही, मंदा." द्राक्ष चाखून धूर कळत नाही, तो सालीत दडतो आणि रस आंबताना सुटतो, असं काहीतरी परदेशात कुणी कुणी लिहायला लागलंय, ते त्यांनी वाचलं होतं, पण मुळशीत धूर कुठून येणार? त्यांनी माझ्यापुढे वही सरकवली. मी मागचं पान उलटायला गेले. त्यांनी हात धरला. "तिथं नाही. आजच्या तारखेला लिही. कधी झालं ते लिही, कधी लक्षात आलं ते लिही, आणि तेव्हा का लिहिलं नाही तेही लिही." मी लिहिलं. ते पान लिहायला मला जितका वेळ लागला तितका बारावीच्या कुठल्याही पेपरला लागला नाही.

समितीनं एक हंगाम दिला, तोही नाखुशीनं. बाईंची युक्ती साधी होती. या वेळी धूर पहिल्या ओळीला द्यायचा, जी सगळ्यात स्वच्छ होती, आणि सहावीला अजिबात लागू द्यायचा नाही. राख खुंटाची असेल तर सहाव्या बरणीत येईल. राबाची असेल तर पहिलीत. शिमगा झाला आणि पहिल्या ओळीवर प्लास्टिकच्या कागदाचा तंबू उभा राहिला. पुण्याहून दोन तरुण शास्त्रज्ञ आले होते. त्यांनी वाळलेलं गवत पेटवलं, ते भसकन जळून गेलं. दादा बांधावर बसून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "आसा न्हाई हुत राब," म्हणत ते उतरले आणि शेण, डहाळ्या, पाला, माती असा एकेक थर लावत त्या पोरांना शिकवू लागले. आत्या काठी टेकत आली आणि माती जास्त झाली म्हणून दादांना बोलू लागली. बाई वहीत लिहीत होत्या आणि मला म्हणाल्या, "थराची जाडी विचार." मी विचारली. आत्या म्हणाली, "जाडी काय इचारती, हात घाल की." मी हात घातला, थर वीतभर भरला, ते लिहिलं. घरचा राब त्या वर्षी द्राक्षं उतरेपर्यंत थांबला आणि ओढ्यापलीकडे, चुलत्यांच्या पाया पडून मागितलेल्या जागेत भाजला गेला. मोठ्या भावानं धाकट्याच्या पाया पडावं अशी आमच्यात रीत नाही. दादा पडले.

वाईन तयार झाल्यावर समितीसमोर चाखणी ठरली. बाईंनी दादांना मुद्दाम बोलावलं. पांढऱ्या कापडावर काचेचे पेले, नुसते आकडे लावलेले, कुठला कुठल्या ओळीचा ते फक्त बाईंना ठाऊक. अध्यक्ष म्हणजे एक सोनेरी काडीचा चष्मा लावणारे वयस्कर गृहस्थ. त्यांनी सगळे पेले दोनदा चाखले आणि एकच बाजूला काढला. "ती राख यात आहे. बाकी पाचांत नाही." मग ते दादांकडे वळले, बहुधा गंमत म्हणून. "तुम्ही चाखणार का?" दादा म्हणाले, "आमी माळकरी. चाखनार न्हाई. पर वास घेतला तर चालंल." त्यांनी एकेक पेला नाकाशी नेला, डोळे मिटून, देवाचं तीर्थ घ्यावं तसा दोन्ही हातांत धरून. पाच खाली ठेवले. बाजूला काढलेला मात्र हातातच ठेवला. "ह्यो आमचा राब हाय," ते म्हणाले. "पर माती वाईच जास्त झाली हुती." मग सहाव्या ओळीचा पेला, जो कुठला ते त्यांना माहीत नव्हतं, परत उचलून म्हणाले, "आनि ह्यात काय न्हाई. ह्यात नुसतं रान हाय." बाईंनी तोंड फिरवलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मळा आणखी तीन वर्षं चालवायचा, आणि भाताच्या मुलखात द्राक्ष लावताना राबाचं काय करायचं याची माहिती गावोगाव सांगायची, असं ठरलं. हे शोधलं कुणी, असं अध्यक्षांनी विचारलं. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

परतीच्या एसटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. कोथरूड मागे पडलं तरी दादा खिडकीबाहेरच बघत होते. मला आपली धास्ती, की इतक्या लोकांत आपल्या राबाची चर्चा झाली हे त्यांना आवडलं नसणार. चांदणी चौकात गाडी थांबली. भूगावचे दोघे-तिघे चढले, तेव्हा दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंदे, त्या पावन्यांना निरोप धाडाय पायजे."

"काय धाडायचा?"

"आमची पोरगी कामावर हाय म्हनावं. तीन वर्सं तिला सवड न्हाई. थांबायचं तर थांबा, न्हाईतर दुसरी बघा." गाडी सुरू झाली. दादांनी टोपी नीट केली आणि समोर बघत म्हणाले, "आनि त्ये कालेजाचं काय, किती साल लागत्याल, त्ये बाईस्नी नीट इचारून घे. वहीत लिहून आन."

मी बरं म्हटलं. आणखी एक शब्द बोलले असते तर तिथंच, गाडीभर माणसांत, मोठ्यानं रडले असते.